१५०-६०० झूम लेन्स: काच उत्तम, पाय रद्दी

गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरचं कोटेशन आलं. ट्रायपॉड कॉलरचा (लेन्सला धरणारं कडं, त्याच्या पायावर लेन्स ट्रायपॉडला बसते) पाय सुटा मिळत नाही, अख्खी कॉलर घ्यावी लागेल, आणि ते वॉरंटीत बसत नाही, कारण ही म्हणे ‘वापरामुळं झालेली झीज’. लेन्स वॉरंटीत आहे, पडलेली नाही, आपटलेली नाही. नुसते पायातले आटे गेलेत. पक्ष्यांच्या फोटोसाठी विकलेली लेन्स वापरली म्हणून झिजली, हे उत्तर मला मान्य नाही. बाकी स्पेसिफिकेशन तुम्हाला पाठ असतील, ती सांगत बसत नाही.

पाय तळहाताच्या निम्मा. खाली पाव इंची आट्यांचं एकच भोक. ट्रायपॉडच्या पकडीत बसणारी प्लेट त्या एका स्क्रूवर. लेन्स दोन किलोच्या आसपास, मागं कॅमेऱ्याची बॉडी, आणि झूम ६०० ला नेला की नळी पुढं येते, वजनही पुढं सरकतं. अशा वेळी मसाई पठारावर गवताला घासून भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, मध्येच गर्रकन वळतो आणि उताराखाली दिसेनासा होतो. हातात दोन-तीन सेकंद. गिंबल (ट्रायपॉडवरचा, लेन्स हवी तशी फिरवू देणारा आधार) झटक्यानं फिरवला की लेन्स वळते आणि प्लेट तिथंच राहते. आवळा, परत ढिली. परत आवळा. ओतीव अल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू असा सारखा पिळला तर आटे टिकणार कसे? पायात वळण अडवणारी एक खिट्टी दिली असती तरी हे झालं नसतं.

कॉलरचे पैसे भरायचे नाहीत हे ठरवून पाय घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. मशीन शॉपमधल्या मामांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, “आटं खाल्ल्यात. ह्यात परत टॅप मारून उपेग न्हाई. नवाच करू या की.” गिंबलच्या पकडीचं माप ३८ मिलिमीटर आणि कडा ४५ अंशांत, एवढं मी कागदावर काढून दिलं. त्यांनी अल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मिलिंगवर पाय काढला, जुन्यापेक्षा बोटभर लांब, खालच्या बाजूला थेट डोव्हटेल, म्हणजे पकडीत बसणाऱ्या तिरक्या कडा. प्लेटच नको, त्यामुळं वळायला काही उरलं नाही. लांबी वाढल्यानं ६०० ला असतानाही लेन्स गिंबलवर समतोल राहते. सातशे रुपये घेतले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी या म्हणाले तर खरंच तयार होता. इतकं नेटकं काम बघून मला फार आनंद झाला. धारेवर बोट फिरवलं तर कुठं बोचत नाही.

काचेबद्दल माझं पहिलं मत वाईट होतं. ६०० ला फोटो मऊ येतात, असं मी दोन-चार मित्रांना सांगितलंही. आता ते मत राहिलेलं नाही. कळंब्याला ऊन वर आल्यावर तळ्याच्या मध्यावरची थापट्या बदकं टिपली की पिसांचा नुसता लगदा. त्याच तळ्यावर उजाडताना काठालगतचा धोबी पक्षी टिपला तर डोळ्यातली चमक आणि पंखाची एकेक कड सुटी. लेन्स तीच, सेटिंग तेच. पाणी आणि जमीन तापली की मधली हवा थरथरते, आणि ६०० मिलिमीटर ती थरथरही मोठी करून दाखवतं. त्यावर कुठल्याच लेन्सचा इलाज नाही. लवकर जा आणि अंतर कमी ठेवा. पण अंतर कमी करायचं म्हणजे थव्याकडं चालत जायचं नव्हे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला एका फोटोसाठी उठवणं मला सहन होत नाही. काठावर खाली बसून राहिलं की तुतवार स्वतःहून जवळ येतो.

राधानगरीत मात्र ही लेन्स कमी पडते, आणि ते मत बदलायची शक्यता नाही. १९५८ सालचं, राज्यातलं पहिलं अभयारण्य, जंगल दाट. सावलीत एफ ६.३ (६०० ला लेन्सचं तोंड एवढंच उघडतं) म्हणजे आयएसओ, कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० च्या खाली उतरताच येत नाही. व्हर्डिटर फ्लायकॅचर हा पक्षी उघड्या फांदीवर बसतो म्हणून मिळाला. झाडीच्या आतलं काही मिळेल ही आशा ठेवू नका.

स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) ठीक आहे, बसलेल्या पक्ष्याला उपयोगी. उडत्याला मी शटर १/२००० सेकंद ठेवतो आणि स्टॅबिलायझेशन बंद करतो.

आपल्या पावसात काचेला बुरशी धरते, ते जास्त गंभीर. ड्राय कॅबिनेटला खर्च नको म्हणून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४५ टक्क्यांच्या आसपास राहिला, जून ते सप्टेंबर काच स्वच्छ.

विकत घेणार असाल तर बिल करण्याआधी दुकानदाराला विचारा, पाय सुटा मिळतो का. नाही म्हणाला तर उद्यमनगरचा खर्च धरूनच भाव करा. तरीही ह्या किमतीत मी हीच घेईन.

आता २५० च्या आसपास झूम रिंग थोडी अडखळायला लागलीय. वॉरंटी संपायच्या आत दाखवणार आहे, पण कॉलर काढून, घरी ठेवून.