रिव्हॉल्व्हरसाठी शिवून घेतलेला कंबरपट्टा: सव्वा वर्ष वापरून

वापरणारी कोण ते आधी सांगते, म्हणजे ही वस्तू कुणाच्या कामाची आहे ते कळेल. वय 54, उंची पाच फूट एक इंच, बारा महिने अंगावर कुर्ता-सलवार. नाशिकला दिंडोरी रोडवर आमचा पेट्रोल पंप आहे आणि दिवसाचा गल्ला बँकेत मी स्वतः नेऊन भरते. रिव्हॉल्व्हर .32 बोअरचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. आधी ते आमच्या ह्यांच्या नावावर होतं. हे गेल्यावर रीतसर जमा केलं, वारस म्हणून अर्ज केला आणि माझ्या नावाचा परवाना हातात पडायला अकरा महिने गेले. ती कहाणी वेगळी, इथे नको.

इथला प्रश्न साधा आहे. सलवारीला नाडी असते, पट्टा नसतो. बाजारातलं जे होल्स्टर बघावं ते पँटच्या पट्ट्यात अडकवायचं. पुरुषांनी पुरुषांसाठी बनवलेली वस्तू, दुसरं काय! तरी मी आधी ऑनलाइन एक नायलॉनचं मागवलं, 650 रुपयांचं. त्याला वेल्क्रोचा पट्टा होता. पहिल्या आठवड्यातच कळलं की चालताना ते हळूहळू पोटावर सरकतं, आणि कुर्त्याच्या चिरेतून मूठ बाहेर डोकावते. स्कूटरवरून उतरताना वारा आला की संपलंच. पंपावरच्या पोरांना दिसली, एका टँकरवाल्याला दिसली. टँकरवाला त्या दिवसापासून मला "मॅडम" म्हणायला लागला, आधी "मावशी" म्हणायचा.

पण गंमत बाजूला ठेवू. मूठ दिसणं हा शोभेचा प्रश्न नाही. शस्त्र नियम 2016 मधल्या नियम 32 प्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या कशात तरी हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि नेणाऱ्याचा त्यावर नीट ताबा हवा. ते नाचवत फिरलं तर परवाना जाऊ शकतो आणि शस्त्रही. म्हणजे सिनेमातल्यासारखं कंबरेला लटकवून चारचौघांत मिरवणं आपल्याकडे बसतच नाही. म्हणून होल्स्टर घेताना मी तीनच गोष्टी बघते: झाकतं का, हलतं का, आणि माझ्या हातून सुटतं का.

"मग पर्समध्ये ठेवा ना," असं मला निदान चार जणींनी सुचवलं. 2014 मध्ये कानपूरहूनच बायकांसाठी म्हणून निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर आलं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं, तेव्हाही पर्समध्ये मावेल असंच कौतुक झालं होतं. मावेल हो. पण पर्स बाई खांद्यावर किती वेळ ठेवते? बँकेच्या काउंटरवर, भाजीवाल्याच्या गाडीवर, जावेच्या सोफ्यावर. आमच्या पंपावर तर आठवड्यातून दोनदा कुणीतरी पोरगं धावत येतं, "मॅडम, पर्स राहिली." त्याच्या हातात माझं रिव्हॉल्व्हर, या कल्पनेनेच मला घाम फुटतो.

शेवटी भद्रकालीत एक चांभार काका आहेत त्यांच्याकडे गेले. आमच्या ह्यांच्या चपला तिथेच शिवल्या जायच्या. दुकान म्हणजे जेमतेम एक ओटा, वर पत्रा, पाटीबिटी काही नाही. त्यांना म्हटलं, "काका, पट्टा शिवायचाय, पण आत काय जाणार ती वस्तू दाखवता येणार नाही." परवाना नसलेल्या माणसाच्या हातात, मग तो कितीही ओळखीचा असो, शस्त्र द्यायचं नाही हे माझ्या डोक्यात पक्कं आहे. काकांनी आरी खाली ठेवली नि म्हणाले, "मग माप कशाचं घेऊ, ताई? चपलेला पाय लागतो."

बरोबरच होतं त्यांचं. मग घरी येऊन रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने कड काढली, जाडी पट्टीने मोजली आणि तो पुठ्ठा आमच्या सुताराकडे दिला. त्याने सागाच्या तुकड्यातून त्याच आकाराचा ठोकळा काढून दिला, काय आहे ते विचारलं नाही. काकांनी चामडं भिजवून त्या ठोकळ्यावर बसवलं, दोरीने आवळलं आणि दोन दिवस सावलीत वाळवलं. पहिला प्रयत्न फसला, कारण मी गोळ्या भरायची चक्री जिथे फुगते तिथलं माप चार मिलिमीटर कमी घेतलं होतं. चूक माझी, तरी दुसऱ्यांदा शिवायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आता वस्तू. चार बोटं रुंद सुती निवारपट्टी, ती कुर्त्याखाली कंबरेवर गुंडाळायची, पुढे दोन बकला. उजव्या कुशीत चामड्याचा कप. चामडं बाभळीच्या सालीने कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला असतं त्या जातीचं, सुरुवातीला कडक आणि तांबूस, आता गडद झालंय. चापाभोवतीची कडी कपाच्या आत पूर्ण झाकली जाते, म्हणजे कुर्त्याची कड किंवा ओढणीचं टोक चापात अडकायची भीती नाही. वर झाकण, त्याला दोन टिचबटणं. कप निवारपट्टीला कायमचा शिवलेला नाही, मागच्या खाचेतून सरकवून आख्खा वेगळा काढता येतो. ही शेवटची गोष्ट मी हट्टाने करून घेतली आणि सगळ्यात जास्त तीच कामाला आली.

माझा पुतण्या टेक्सासमध्ये डॅलसला असतो. सुट्टीत आला तेव्हा ठोकळा घालून त्याला दाखवलं. झाकण आणि दोन बटणं बघून तो हसायलाच लागला. "काकू, हे उघडेपर्यंत चोर रामकुंडावर आंघोळ करून येईल." त्याच्याकडे 2021 पासून एकविशी ओलांडलेल्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. तरीही दुकानदाराला नको असेल तर तो दारावर बोर्ड लावतो, लपवून आणू नका याचा 30.06 आणि उघड आणू नका याचा 30.07. हे त्यांच्या कायद्याचे कलम क्रमांक. ज्या दुकानाची निम्म्याहून जास्त कमाई तिथेच पिण्याच्या दारूवर, तिथे 51 टक्क्यांचा लाल बोर्ड. न्यूयॉर्कचं पुन्हा निराळं. 2022 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथला जुना कायदा मोडीत काढल्यावर राज्याने आठवड्याभरातच नवा केला आणि टाइम्स स्क्वेअर, भुयारी रेल्वे, शाळा, नाट्यगृहं अशी मनाई असलेल्या जागांची लांबलचक यादी घातली. राज्य बदललं की यादी बदलली.

आपल्याकडे शस्त्रं हा केंद्राचा विषय, 1959 चा एकच कायदा देशभर. बोर्ड कुठे नाहीत, यादी परवान्याच्या अटींत आहे. खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचं आवार वर्ज्य. त्यावर पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश येतात, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली, ते पेपरात आतल्या पानावर चार ओळींत छापतात. मी चहाबरोबर आधी ते शोधते, मग निधन वार्ता.

कागदावर ही यादी छोटी वाटते. नाशकात राहून बघा. यंदा चैत्र एकादशीला दुपारी गल्ला घेऊन पंचवटीतल्या बँकेकडे निघाले. तिथी लक्षातच नव्हती. पुढे रस्ता बंद, ढोल वाजतायत, रामरथ आणि गरुडरथाच्या मिरवणुकीची गर्दी जमायला लागलेली. एरवी मी गाडी लावून हात जोडायला गेले असते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला मान लववली आणि गाडी वळवली. गल्ला दुसऱ्या दिवशी भरला.

त्याहून वाईट गॅदरिंगचं. बँकेतून थेट नातवाच्या शाळेत पोचले, फाटकाशी आल्यावर आठवलं की कंबरेला काय आहे. मुलगा म्हणतो, "आई, माझ्याकडे दे, तू जा." त्याचं नाव परवान्यावर नाही, त्याच्याकडे देऊन चालत नाही. गाडीच्या कप्प्यात ठेवून जाणं मला पटत नाही, काच फोडायला किती वेळ लागतो? इंदिरानगरला घरी गेले, कप पट्ट्यातून सरकवून तसाच्या तसा तिजोरीत ठेवला, परत आले. पोरगा मोर झाला होता म्हणे. मी पोचले तेव्हा पिसं गोळा करत होते.

लग्नाला मी नेतच नाही. गंगापूर रोडच्या एका लॉनवर वरातीत कुणी तरी म्हणालं होतं, "वहिनी, एक बार होऊन जाऊ दे!" त्याला सांगितलं, 2019 पासून हौसेच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाकडचे होते, दुखावले असतील.

आणि या सव्वा वर्षातले जवळजवळ चार महिने पट्टा रिकामाच होता. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळा जमा करायची नोटीस आली. छाननी समिती असते, सूट मागता येते, पण मी मुकाट ठाण्यात नेऊन दिलं आणि पावती घेतली. रिकामा कप ढिला पडू नये म्हणून त्यात सागाचा ठोकळा घालून ठेवला होता. मोलकरणीने कपाट पुसताना तो बघून जी किंकाळी फोडली ती शेजारच्या इमारतीत ऐकू गेली असेल.

आता उणिवा. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, त्यामुळे रात्री शस्त्र कपात ठेवू नका, लोखंडावर गंजाचे ठिपके येतात. माझ्या नळीवर एक आला, तेलाने निघाला. मे महिन्यात निवारपट्टीखाली घामोळं येतं, आत मलमलची घडी घालावी लागते. बटणांचा टिच्च आवाज शांत जागेत ठळक येतो. पहिले दोन महिने चामड्याचा वास इतका की भिशीतल्या एकीने नवीन चपला घेतल्या का म्हणून विचारलं. आणि काका वेळ पाळत नाहीत. पंधरा दिवस म्हणाले, सहा आठवडे लागले.

खर्च 2,200 रुपये, सुताराचे 200 वेगळे. बिल नाही, गॅरंटी नाही, पण टाका उसवला तर ओट्यावर बसून समोर घालून मिळतो. रोज गल्ला नेणाऱ्या बाईने जरूर शिवून घ्यावा. झटकन काढता यावं म्हणून होल्स्टर हवं असेल तर हा तुमच्यासाठी नाही.

दुसरा सांगून ठेवलाय, डाव्या कुशीचा, कारण उजवा खांदा धरतो. काका म्हणाले, दिवाळीनंतर देतो. म्हटलं, 2027 च्या सिंहस्थाआधी दिला तरी चालेल, तेव्हा या गावात तो बांधून जायला जागाच उरणार नाही. ते म्हणाले, "मग घाई कशाची, ताई?" आणि दुसऱ्याची चप्पल हातात घेतली.