सायपायचं आयगएसएच: ड्युॲलिटी डिफेक्ट तपासायला कितपत पुरतं?

क्रेमर्स आणि वॅनिए यांनी १९४१ मध्ये मांडलेली आयझिंगची (शेजारच्या स्पिनांमध्ये जोड असलेल्या प्रारूपाची) ड्युॲलिटी, म्हणजे सुव्यवस्थित आणि अव्यवस्थित अवस्थांची अदलाबदल, आज नॉन-इन्व्हर्टिबल सममितीचं पहिलं उदाहरण म्हणून शिकवतात. दोनदा लावली की 'काहीच न करणं' अधिक 'सगळे स्पिन उलटवणं' अशी बेरीज हाती येते, म्हणून तिला व्यस्त, म्हणजे तिला परत फिरवणारी क्रिया, नाही. तिचा डिफेक्ट (ड्युॲलिटी जिथे लागू होते तो साखळीतला जोड) क्रांतिक, म्हणजे अवस्थाबदलाच्या ऐन बिंदूवरच्या, क्वांटम साखळीत बसवून स्पेक्ट्रम (ऊर्जापातळ्यांची यादी) काढायचा, तर सायपाय या पायथन लायब्ररीतलं आयगएसएच (eigsh, मोठ्या मॅट्रिक्सच्या मोजक्याच आयगेन-किमती काढणारं फंक्शन) २० साइटींपर्यंत उत्तम चालतं. १६ साइटींचं ऊर्जेचं (हॅमिल्टोनियन) पूर्ण मॅट्रिक्स ३४ जीबी खातं. विरळ, म्हणजे फक्त शून्येतर घटक, साठवलं तर १५ एमबीच्या आत मावतं.

मात्र कोणत्या ऊर्जा शोधायच्या हे ठरवणारं डिफॉल्ट सेटिंग 'एलएम' या कामाला निरुपयोगी आहे. ते निरपेक्ष मूल्याने मोठ्या ऊर्जा शोधतं आणि सम साइटींच्या साखळीत वरची व खालची दोन्ही टोकं मिसळून देतं. 'एसएम' त्याहून वाईट, कारण ते शून्याजवळ, म्हणजे स्पेक्ट्रमच्या ऐन गर्दीत शिरतं. सर्वांत खालच्या ऊर्जा देणारं 'एसए'च द्या. आधी डिफेक्टशिवाय चालवून बघा. शेजारच्या जोड्यांची झेड-झेड आणि प्रत्येक साइटचं एक्स (एक्स, वाय, झेड ही पाउली मॅट्रिक्स) या पदांचे सगळे सहगुणक उणे १ असताना १६ साइटींच्या बंद साखळीची तळऊर्जा −२०.४०४६ आणि पुढचा फरक ०.०९८२५ यायला हवा. हा फरक गुणिले १६, भागिले १२.५६६ (४π) केलं की ०.१२५१ मिळतं, हेच ते सिद्धांतातलं १/८.

डिफेक्टसाठी पहिल्या साइटचं एक्स काढा. शेवटची-पहिली जोडीतल्या झेड-झेडच्या जागी शेवटचं झेड गुणिले पहिलं वाय घाला. इथे हमखास फसगत होते. वाय काल्पनिक असल्याने फ्लोट (वास्तव अंकांच्या) ॲरेत भरलं की पायथनची ॲरे-लायब्ररी नमपाय नुसता इशारा देऊन ते शून्य करतं, साखळी उघडी पडते आणि आकडे तरीही दिसायला नीटनेटके येतात! वायऐवजी एक्स घातलं तरी स्पेक्ट्रम तोच राहतो, शिवाय मॅट्रिक्स वास्तव राहून मेमरी वाचते.

आता तळऊर्जा −१९.७१८३ येईल, तीही दोनदा. इथली प्रत्येक पातळी अचूक दुहेरी आहे आणि आयगएसएचमागची लँक्झॉस पद्धत जुळ्यांपैकी एक कधीकधी गिळते. एनसीव्ही (एका वेळी साठवायच्या सदिशांची संख्या) डिफॉल्ट २० वरून ६० करा, किंवा वाय रूप ठेवून स्पिन उलटवण्याच्या सममितीचा एकच विभाग सोडवा. दुसऱ्याचा स्पेक्ट्रम तंतोतंत तोच असतो.

लांबी १६ धरू नका. डिफेक्ट अर्धी साइट खातो, म्हणून १५.५. पुढच्या पातळीपर्यंतचा फरक ०.४०४७ आहे, मघाच्याच सूत्रात १५.५ ने ०.४९९ (अपेक्षित १/२) मिळतात, १६ ने ०.५१५. तळपातळीच्या अपेक्षित १/१६ ला तर ही चूक मुळीच खपत नाही: १६ धरल्यास ०.०६२५ ऐवजी ०.८७ येतं.

१/१६ हा स्पिन (संवेगाशी जोडलेला अंक, साइटवरचा स्पिन नव्हे) मात्र हे साधन देत नाही. त्यासाठी डिफेक्ट एक घर सरकवणारा ऑपरेटर स्वतः लिहावा लागतो. २४ साइटींना वाय रूपात नुसते २० सदिशच ५ जीबीच्या वर जातात, मॅट्रिक्स वेगळं. तिथे मॅट्रिक्स न साठवता लिनिअर-ऑपरेटर (मॅट्रिक्स-सदिश गुणाकार जागच्या जागी करणारं फंक्शन) द्यावा.