११०आर, १०१-१४ की डॉगरिज? द्राक्षाचा खुंट निवडताना मुळी कशी सावरते ते बघा

खुंटाची, म्हणजे ज्याच्या मुळावर हवी ती द्राक्षजात कलम करतात त्या वेलीची, रोपं घेताना "हा पाण्याचा ताण किती सोसतो?" हे सगळेच विचारतात. तितकंच महत्त्वाचं दुसरं सहसा कुणी विचारत नाही: ताणानंतर पाणी मिळालं की मुळी किती लवकर पुन्हा ओढायला लागते? खुंटाखुंटातला मोठा फरक तिथेच दिसतो.

मुळीच्या गाभ्यात जलवाहिन्या असतात. द्राक्षवेलीत त्या चांगल्या रुंद असतात, मुळात तर खोडापेक्षाही रुंद. वाहिनीचा व्यास दुप्पट झाला की तेवढ्याच दाबाला सोळापट पाणी वाहतं, म्हणून भर उन्हातही वेल पानांना पाणी पुरवू शकते. कोरड वाढली की वाहिन्यांत हवा शिरते, पाण्याचा अखंड स्तंभ तुटतो आणि तेवढी वाहिनी बंद पडते.

मात्र पहिला फटका वाहिनीला बसत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी जिवंत मुळ्यांचं एक्स-रे चित्रण केलं. खोडातला ताण उणे ६ बारवर गेला (बार हे दाबाचं एकक; उणे आकडा जितका मोठा तितका ताण जास्त) तेव्हाच बारीक मुळ्यांच्या सालीतल्या पेशी कोसळून पोकळ्या पडू लागल्या आणि पाणी ओढण्याची क्षमता झपाट्याने घटली. वाहिन्या तेव्हा बहुतांशी भरलेल्याच होत्या. बारीक मुळ्यांची निम्मी वहनक्षमता हवेमुळे गेली ती उणे १८ बारला, जाड मुळ्यांची उणे ३५ बारला. म्हणजे वेल मलूल दिसते तेव्हा जाड मुळं बहुधा शाबूत असतात, गेलेली असते ती पाणी ओढणारी बारीक पांढरी मुळी.

आता खुंट. कंसात त्यांच्या आईबापांची, म्हणजे रानटी द्राक्षजातींची नावं आहेत. ११०आर (बर्लांडिएरी × रुपेस्ट्रिस) कोरडीला चिवट, तर १०१-१४ (रिपारिया × रुपेस्ट्रिस) नाजूक मानला जातो. तरी सालीत पोकळ्या आधी पडतात त्या ११०आरमध्ये, तेही सौम्य ताणात! १०१-१४ची मुळी कोवळी असतानाच सुबेरिनचा मेणचट थर चढवते, त्यामुळे तिची साल सुरुवातीला टिकते. पाणी परत दिल्यावर चित्र पालटतं. ११०आरची टोकं लगेच वाढू लागतात आणि पाणी ओढतात, १०१-१४ची तशी सावरत नाहीत. मुळीच्या जुन्या भागाने पाणी घेणं थांबवून टोकाला वाव देणं, हाच ११०आरचा चिवटपणा असावा असं या प्रयोगांवरून दिसतं. पाळीने पाणी मिळणाऱ्या बागेत मला हा गुण सगळ्यात मोलाचा वाटतो.

चुनखडीतही ११०आर पुढे आहे. त्याला सुमारे १७ टक्के सक्रिय चुना (मातीतला बारीक, सहज विरघळणारा चुना) चालतो, १०१-१४ला सुमारे ९. ओलसर, खोल, सुपीक जमिनीत १०१-१४ला अर्थ आहे. नाशिक-सांगली-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात तो लावण्याचं कारण दिसत नाही.

महाराष्ट्रात खरी निवड ११०आर आणि डॉगरिज यांत असते. डॉगरिज टेक्सासच्या चँपिनी या रानटी द्राक्षांच्या गटातला, जोमदार वाढीचा. या गटातले खुंट क्लोराइड बऱ्यापैकी अडवतात, त्यामुळे खारट पाणी असेल तर त्याचा विचार जरूर करावा. पण पाणी आणि नत्र सढळ दिलं की वेल नुसती माजते. खरड छाटणीनंतरच्या (फळं काढून झाल्यावरच्या उन्हाळी छाटणीनंतरच्या) पहिल्या दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यांत घडनिर्मिती व्हायची असते आणि नेमक्या त्याच वेळी दाट पानोळा त्या डोळ्यांवर सावली धरतो. मुरमाड किंवा चुनखडीची जमीन आणि उन्हाळ्यात अपुरं पाणी असेल तर ११०आर घ्या. काळ्या, पाणी तुंबणाऱ्या रानात मात्र तो नको. तिथे आधी बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा उंचवटा) उंच करा, चर काढा. हवा मिळाली नाही की मुळीच्या पेशींतले पाण्याचे मार्ग मिटतात आणि चिखलात उभी वेलही सुकते.

बागेतली स्थिती बघायची तर ड्रीपरखालची बारीक मुळी काढून ब्लेडने आडवी कापा आणि दहापट भिंगाखाली धरा. साल घट्ट, मलईच्या रंगाची असेल तर मुळी चालू आहे. साल तपकिरी होऊन बोटांत सुटली आणि आतला पांढरा दोरा तेवढा उरला, तर त्या भागाकडून पाण्याची अपेक्षा नको. प्रेशर चेंबर (वेलीतला पाण्याचा ताण मोजायचं यंत्र) मिळत असेल तर पान तासभर फॉइलच्या पिशवीत झाकून दुपारी मोजा. उणे ६ ते ९ बार सौम्य ताण, उणे १४च्या खाली तीव्र.

तीव्र ताणानंतर एकदम रान भिजवू नका. थोडं थोडं पाणी, शक्यतो रात्री किंवा पहाटे द्या, कारण तेव्हा पानांची ओढ कमी असते. पहिल्या पाण्यातून पोटॅश किंवा इतर विद्राव्य खतं सोडणं ही नेहमीची चूक. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की नवं टोक ओल्या मातीतही तहानलेलं राहतं. पांढरी मुळी फुटलेली दिसली की मगच खत सुरू करा.