ड्राइव्ह दुरुस्तीच्या टेबलावर 12 बिटी स्कोप: वापरानंतरचा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतून आमच्याकडे येतात ते मुख्यतः मोटरचे ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर) आणि वेल्डिंग मशीनचे बोर्ड. हा अनुभव त्याच कामाचा आहे, रेडिओवाल्यांना यातलं बरंच लागू होणार नाही. स्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, चार चॅनेलचा, 12 बिटी, 70 मेगाहर्ट्झचा, सेकंदाला जास्तीत जास्त 1.25 गिगासॅम्पल (सव्वा अब्ज बिंदू), मेमरी 25 मेगापॉइंट (अडीच कोटी बिंदू). या वर्गात आता एकाहून जास्त कंपन्या उतरल्या आहेत, म्हणून नावात अडकत नाही. हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही यावर काढले.

पैसे वसूल झाले ते 12 बिटांत. आठ बिटी स्कोप पडद्याची उंची 256 पायऱ्यांत मोजतो, हा 4096 पायऱ्यांत. 1 व्होल्ट प्रति डिव्हिजन (पडद्यावरची एक चौकट) ठेवलं तर आठ डिव्हिजनच्या पडद्यावर आठ बिटीची एक पायरी 31 मिलिव्होल्टची पडते, याची जेमतेम 2 ची. नुसता रिपल (डीसीवर उरलेला बारीक चढउतार) बघायचा असेल तर एसी कपलिंग करून, म्हणजे डीसीचा भाग अडवून, आठ बिटीवरही दिसतो, त्यासाठी एवढा खर्च नको. फरक पडतो तो मोठ्या सिग्नलवर बसलेलं बारीक काही बघायचं असतं तेव्हा.

डिसेंबरात एक ड्राइव्ह आला. तक्रार अशी, की सकाळी पहिल्यांदा चालू केला की ट्रिप होतो, नंतर दिवसभर काही नाही. सिंगल ट्रिगर (एकदा पकडून थांबायचं सेटिंग) लावून कंट्रोल कार्डाची 5 व्होल्टची लाइन शून्यापासून चढताना पकडली आणि थांबलेल्या चित्रात झूम केलं. रिले ओढल्याबरोबर लाइन खाली बसत होती. हा खड्डा कुठल्याही स्कोपने दाखवला असता. पण खड्ड्याच्या आधी लाइनवर विसेक मिलिव्होल्टचा रिपल होता आणि रिले ओढल्यावर तोच तिपटीने फुगला, हे सगळं एकाच कॅप्चरमध्ये स्वच्छ दिसलं. रिपल असा फुगला की संशय सरळ आउटपुटच्या कंडेन्सरवर. जुन्या इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरचा ईएसआर (आतला रोध) थंडीत वाढतो, कार्ड गरम झालं की उतरतो, म्हणून दुपारी ड्राइव्ह शहाण्यासारखा चालायचा. कंडेन्सर बदलला, काम झालं.

मेमरीचंही कौतुक करायला हवं. एकच चॅनेल चालू ठेवून पूर्ण वेगाने पकडलं तर 25 मेगापॉइंटमध्ये 20 मिलिसेकंद बसतात, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झची बरोबर एक सायकल. 65 किलोहर्ट्झवर चालणाऱ्या एसएमपीएसचे (स्विचिंग पॉवर सप्लायचे) 1300 पल्स त्यात येतात आणि त्यातल्या कुठल्याही एका पल्सच्या कडेपर्यंत जाता येतं.

आता दुसरी बाजू. ब्रोशरवरचे 1.25 गिगासॅम्पल एकाच चॅनेलचे. चारही चालू केले की प्रत्येकाच्या वाट्याला 312.5 मेगासॅम्पल, म्हणजे दर 3.2 नॅनोसेकंदाला एक बिंदू. 70 मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचाच राइज टाइम (कड चढायला लागणारा वेळ) 5 नॅनोसेकंद असतो, तेव्हा वेगवान कडेवर एक-दोनच खरे बिंदू पडतात, बाकी रेघ स्कोप अंदाजाने जोडतो. ड्राइव्हमधल्या आयजीबीटी या पॉवर स्विचच्या गेट पल्सला हे चालून जातं. त्याहून वेगवान सिलिकॉन कार्बाइडच्या मॉसफेटवरचं रिंगिंग (कडेनंतरची थरथर) मोजायला मात्र हा घेऊ नका. 70 मेगाहर्ट्झ ही मर्यादाही अशी, की तिथे 1 व्होल्टची साइन वेव्ह 0.7 व्होल्टच दिसते.

आरएस-485 (ड्राइव्ह आणि कंट्रोलरमधली डेटा लाइन) चं डीकोडिंग बाइटपर्यंत येऊन थांबतं. त्या लाइनवरच्या मॉडबस प्रोटोकॉलचा पत्ता कुठला, रजिस्टर कुठलं, सीआरसी (चूक तपासायचा आकडा) बरोबर की चूक, ते कागदावर आपणच लावायचं. आणि डीकोड, मॅथ (चॅनेलांची बेरीज-वजाबाकी), एफएफटी (फ्रिक्वेन्सीचं विश्लेषण) सगळं एकदम चालू केलं तर पडदा रेंगाळतो.

बारीकसारीक कटकटी: चार चॅनेलला उभ्या स्केलचा नॉब एकच, त्यामुळे घाईत भलत्याच चॅनेलचं स्केल बदलतं. चालू व्हायला मिनिटभर लागतो, त्यात लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून. फॅनचा आवाज मोठा आहे म्हणतात, पण मे महिन्यात शेजारी कूलर सुरू असताना तो कोणाला ऐकू येतो! फ्लक्सने चिकट झालेल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, त्याला यूएसबी माउस जोडून टाकला.

एक गोष्ट गंभीर. हा स्कोप यूएसबी-सी वर चालतो, म्हणून पुष्कळांच्या डोक्यात येतं की पॉवर बँक लावली म्हणजे अर्थची भानगड मिटली. बिलकुल नाही. प्रोबची क्लिप, चारही बीएनसीचा (प्रोब जोडायच्या सॉकेटचा) धातू आणि यूएसबीचं कवच आतून एकच आहे. तरंगत्या (अर्थ नसलेल्या) स्कोपची क्लिप मेनवरच्या रेक्टिफायर ब्रिजच्या मायनसला लावली तर तुमचा हात ज्या बीएनसीला लागतो तिथे मेनचं व्होल्टेज आलेलं असतं. आणि स्कोप अर्थला जोडलेला असताना तीच क्लिप तिथे लावली तर सरळ शॉर्ट. मागच्या अर्थच्या टर्मिनलला वायर जोडून ठेवा, आणि बोर्ड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेनपासून वेगळं करणाऱ्या) घ्या, नाहीतर दोन प्रोब लावून मॅथमध्ये वजाबाकी करा.

तेही 230 व्होल्टच्या बोर्डांपुरतं. 415 व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस (आतला डीसी पुरवठा) 585 व्होल्टच्या आसपास जातो, तिथे सोबत आलेले 10 एक्स (सिग्नल दहापट कमी करणारे) प्रोब वापरू नका. डिफरन्शियल प्रोब (कुठलंही टोक अर्थला न जोडता दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजणारा) वेगळा घ्यावा लागतो आणि तो स्वस्त नाही. सीताबर्डीच्या बाजारात भाव काढायला जाल तेव्हा स्कोपच्या किमतीतच तो धरून विचारा.