जुन्या रेकॉर्ड "केमिकल वॉश" करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा (जळगाव, भुसावळ, धुळेवाल्यांनी नक्की वाचा)

आमच्या भागात एक जण फिरतोय, जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्या साफ करून देतो, वर पेनड्राईव्हवर गाणी भरून देतो असं सांगतो. बोलायला एकदम गोड, दादा दादा करतो, बॅगेत पांढरी फडकी आणि बिनलेबलच्या बाटल्या. रेट दीडशे रुपये रेकॉर्ड आणि निम्मे पैसे ॲडव्हान्स. आमच्या आजोबांच्या वेळच्या चाळीसेक रेकॉर्ड त्याने पार वाटोळं करून परत दिल्या, म्हणून हे लिहितोय.

त्याचा डेमो बघून कोणीही हो म्हणेल. समोर एक रेकॉर्ड घेतो, फडक्यावर बाटलीतलं ओततो, दोन हात फिरवतो आणि फडकं दाखवतो, काळंकुट्ट! "बघा दादा, शंभर वर्षांचा मळ." आबा तेव्हाच पुटपुटले होते की मले त्याचा वास खटकतो, दवाखान्यासारखा येतो. पण फडकं एवढं काळं निघाल्यावर वासाकडे कोण बघतो?

रेकॉर्ड परत आल्या त्या आरशासारख्या चमकत होत्या. लावल्या तर गाणं कुठंतरी लांब, वर नुसती खरखर, आणि सुई काढली तर टोकाला काळा चिकट गोळा. बोटाने घासलं तर चमक बोटावर आली आणि खालून राखाडी पृष्ठभाग. बुटाचं पॉलिश मारलं होतं हो त्याने!

उलगडा झाला तो शेजारच्या मिस्तरींमुळे. हातात घेतली, नखाने कड खरवडली आणि म्हणाले, "अरे भो, हा तर चपडा आहे, आपण लाकडाच्या पॉलिशसाठी स्पिरिटमधी विरघळवतो तोच." खरंच की, ७८ च्या रेकॉर्ड शेलॅकच्या असतात आणि शेलॅक म्हणजे लाख, त्यात दगडाची बारीक पूड आणि रंगासाठी काजळी घातलेली. स्पिरिट लागलं की लाख सुटते, खाचांच्या भिंती जातात आणि पूड उघडी पडते, तोच तो राखाडी रंग. म्हणजे फडक्यावर मळ नव्हताच, आमची रेकॉर्डच निघत होती. पेटीत एक आधीच फुटलेली होती, तिचा तुकडा वाटीत स्पिरिट घालून ठेवला तर काही वेळाने स्पिरिट काळं आणि तुकड्याची कड बोटाला चिकटायला लागली. नंतर आलेली एलपी रेकॉर्ड व्हिनाईलची, म्हणजे प्लास्टिकची असते, तिला पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, त्यामुळे ऑनलाईन व्हिडिओ बघून लोक तेच ७८ ला लावतात, पण हा माणूस अडाणी नव्हता, नाहीतर वरून पॉलिश कशाला मारलं असतं?

पेनड्राईव्हची गंमत वेगळीच. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात आणि याच्या फाईलमध्ये एक गाणं साडेपाच मिनिटांचं! सगळं नेटवरून उतरवलेलं. अजून एक, अगदी सुरुवातीच्या काळात रेकॉर्ड छापायला जर्मनीला हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या लोकांना कळावं म्हणून गाणारे शेवटी स्वतःचं नाव बोलायचे, त्या काळच्या गायिका गौहरजानचं "माय नेम इज गौहर जान" प्रसिद्धच आहे. आमच्याकडच्या एका रेकॉर्डला शेवटी असंच नाव होतं, फाईलमध्ये ते गायबच.

धुळ्याच्या एका ओळखीच्यांना त्याने मेणाचा सिलिंडर विकला, एडिसनच्या फोनोग्राफवर वाजायचा तसला. वरचे पांढरे डाग म्हणजे धूळ, साबणाच्या पाण्याने धुवा म्हणाला. ती बुरशी असते, मेण खाते, आणि तिने खाल्लेला आवाज परत येत नाही. मेणाच्या सिलिंडरला पाणी लावायचंच नाही, फक्त मऊ कोरडा ब्रश, आणि उचलताना दोन बोटं आतून घालून फाकवून धरायचा, बाहेरून हात लावायचा नाही.

७८ घरीच साफ होते. आधी कोरडा मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये अल्कोहोल नसलेल्या सौम्य साबणाचा एखादा थेंब, लेबल कोरडं ठेवायचं, परत नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून सावलीत उभी करून पूर्ण वाळवायची. भिजत ठेवू नका, तडा असेल किंवा आत कागदाचा थर असलेली कोलंबिया कंपनीची जुनी रेकॉर्ड असेल तर पाणी शिरून फुगते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर तर अजिबात नको, आडव्या थप्पीत वाकड्या होतात, उभ्याच ठेवायच्या. आणि एलपीची सुई लावू नका, ती बारीक असते, खाचेच्या तळाशी घासते, ७८ ची जाड सुई वेगळी मिळते.

तरी बाहेर द्यायचीच असेल तर एकच द्या, आणि त्याआधी लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेल्या नंबरचा फोटो काढा. आम्ही तो काढला नव्हता, म्हणून दोन रेकॉर्ड बदलल्याचा संशय आहे पण दाखवायला काही नाही.

पोलिसांनी अर्ज घेतला, पुढे काही नाही. त्याचा मोबाईल बंद आहे, नंदुरबारकडे दिसला असं ऐकतो. पॉलिश लावलेल्या रेकॉर्ड आणि त्याच्या सहीची पावती माझ्याकडे आहे, अजून कोणाला फसवलं असेल तर मला कळवा, दोघा-तिघांनी मिळून अर्ज दिला तर बरं पडेल.