बेसबॉलच्या शिष्यवृत्तीचे आमिष: आमची फसवणूक कशी झाली

आमचा मुलगा न्यू जर्सीतील एका सरकारी हायस्कूलच्या बेसबॉल संघात कॅचर होता, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा फलंदाजाच्या मागे बसून चेंडू पकडणारा. आम्ही दोघे क्रिकेट पाहत वाढलेलो, त्यामुळे बेसबॉलच्या जोरावर कॉलेजात प्रवेश कसा मिळतो याची आम्हाला काडीचीही माहिती नव्हती. २०२२ च्या जूनमध्ये, त्याची दहावी संपत असताना, एका रिक्रूटिंग सल्लागाराचा, म्हणजे पैसे घेऊन खेळाडूंना कॉलेजांच्या संघात जागा मिळवून देऊ म्हणणाऱ्याचा, फोन आला. मुलाला एखादा विषय जड गेला की चांगला क्लास लावायचा, या आपल्याकडच्या सवयीने आम्ही हाही एक क्लासच समजलो आणि पैसे भरले. आज ओळखीच्या दोन-तीन मराठी घरांतली मुले बेसबॉल खेळतात आणि तसेच फोन त्यांच्याकडेही येऊ लागले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुलाचा एकही सामना न पाहता त्या गृहस्थाने तो डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळातल्या सर्वांत वरच्या गटाच्या, तोडीचा असल्याचे सांगितले, आणि मार्कही चांगले असल्यामुळे आयव्ही लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात, बेसबॉलची पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून देण्याची हमी दिली. आयव्ही लीगचे नाव ऐकल्यावर मी पुढचे काही तपासलेच नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, आयव्ही लीगमधील आठही विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तेथे मिळणारी मदत कुटुंबाच्या आर्थिक परिस्थितीवर ठरते. इतर डिव्हिजन वन कॉलेजांनाही त्या काळी बेसबॉलच्या संपूर्ण संघासाठी जास्तीत जास्त ११.७ शिष्यवृत्त्या देता येत आणि त्याही अनेक खेळाडूंत वाटल्या जात, त्यामुळे पूर्ण शिष्यवृत्ती ही फार दुर्मीळ गोष्ट होती. आता नियम बदलले आहेत, पण म्हणून प्रत्येक कॉलेजाकडे पैसा आला आहे असे नाही.

जुलैत एका प्रशिक्षकाचा फोन येईल, असे त्या सल्लागाराने सांगितले होते. तो आला नाही, आणि येणे शक्यही नव्हते, कारण डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांना मुलाला स्वतःहून फोन करण्याची मुभा तेव्हा अकरावीच्या १ सप्टेंबरपासून होती. (२०२३ च्या बदलानंतर ती तारीख १ ऑगस्ट झाली.) सप्टेंबरात मात्र एका विद्यापीठाचे पत्र आले. ठळक बोधचिन्ह, खाली प्रशिक्षकाची छापील सही, आणि ‘प्रिय’ या शब्दापुढे मुलाचे नाव इतर मजकुरापेक्षा किंचित जाड अक्षरात. पत्नीने ते पत्र उजेडात धरून दोनदा वाचले आणि म्हणाली, ‘‘अहो, हे शिबिराचे आमंत्रण आहे, यात फी भरायला सांगितली आहे.’’ अशी आमंत्रणे शेकडो मुलांना जातात, हे आम्हाला नंतर कळले.

तोपर्यंत आमचे ३,५०० डॉलर गेले होते. त्यातले २५० डॉलर एनसीएए या कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवण्यासाठी म्हणून घेतले होते. प्रत्यक्षात तेथे प्राथमिक खाते विनामूल्य उघडता येते आणि ते काम मुलगा स्वतः घरबसल्या करू शकतो. करारातले एक कलम तर याहून घातक होते. शिष्यवृत्ती मिळाल्यास तिच्या रकमेच्या दहा टक्के सल्लागाराला द्यायचे होते. प्रवेश वा शिष्यवृत्ती मिळवून देण्यावर अवलंबून असलेली फी एनसीएएच्या नियमांत बसत नाही आणि तिच्यामुळे खेळाडूची पात्रताच धोक्यात येऊ शकते. पैशांपेक्षा या गोष्टीने मी अधिक हादरलो, कारण तो कागद मी सही करून दिला होता.

शेवटी २०२३ च्या वसंतात आम्ही शाळेच्या प्रशिक्षकांकडे गेलो, जिथे खरे तर पहिल्याच दिवशी जायला हवे होते. त्यांनी बसताक्षणी विचारले, ‘‘त्याचा पॉप टाइम किती आहे?’’ पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये पडल्यापासून कॅचरने फेकलेला तोच चेंडू दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंतचा हा वेळ. कॅचरची पारख करताना हा आकडा आधी पाहतात आणि सल्लागाराने दहा महिन्यांत तो एकदाही विचारला नव्हता. प्रशिक्षकांनी ओळखीच्या चार कॉलेजांत फोन केले. तिघांना आमच्या मुलाबद्दल काहीच मिळालेले नव्हते. चौथ्याकडे गेलेल्या मेलमध्ये त्याचे शाळा संपवण्याचे वर्ष २०२४ ऐवजी २०२५ लिहिले होते.

पैसे परत मिळाले नाहीत. आम्ही ते ‘झेल’ (Zelle) या बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या सेवेवरून पाठवले होते आणि स्वतःहून पाठवलेली रक्कम म्हणून बँकेने हात वर केले. क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान हरकत नोंदवण्याचा मार्ग खुला राहिला असता. राज्याच्या ग्राहक विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रारी केल्या आहेत. करार रद्द केल्याचे लेखी कळवून त्याची प्रत जपून ठेवली आहे.

त्या उन्हाळ्यात मुलाने स्वतःच्या मेलवरून, स्वतःच्या शब्दांत वीस कॉलेजांना लिहिले: शाळा संपण्याचे वर्ष, संघातली जागा, मार्क, पुढच्या सामन्यांच्या तारखा आणि फोनवर चित्रित केलेला दीड मिनिटाचा, संगीत न लावलेला व्हिडिओ. पेनसिल्व्हेनियातील एका डिव्हिजन थ्री कॉलेजातून दोन दिवसांत उत्तर आले. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, मार्कांवर मदत मिळू शकते, हे तेथील प्रशिक्षकांनी पहिल्याच ओळीत स्पष्ट केले होते, आणि पुढे दोनच गोष्टी मागितल्या होत्या: पॉप टाइम आणि शाळेची गुणपत्रिका.