सेकंड ओपिनियन घ्या, पण जुनी सीडी शोधून ठेवा

छातीच्या सीटीचा रिपोर्ट रात्री साडेनऊला मोबाइलवर येऊन पडला. उजव्या फुप्फुसात ‘ग्राउंड ग्लास ओपॅसिटी’ (म्हणजे धुरकट काचेसारखा डाग), डाव्यात 5 मिलिमीटरची गाठ. उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून 10 आठवडे झाले होते आणि माझ्या डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी होती. तेवढा धीर नव्हता, म्हणून ऑनलाइन सेकंड ओपिनियनचे पैसे भरले.

पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवून वर्षापूर्वीच्या स्कॅनची सीडी मागितली. अपलोड दोनदा मध्येच तुटलं, तिसऱ्यांदा गेलं. (भाच्याला बसवलं, मी उठले.)

रेडिओलॉजिस्टनी दोन्ही स्कॅन स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावले. उजवीकडचा धुरकट डाग एका जागी पट्टीने रेघ मारावी तसा सरळ संपत होता. “फुप्फुसाचे कप्पे असे सरळ कापलेले नसतात, किरणांचा पट्टा असतो,” ते म्हणाले. रेडिएशनची सूज बहुतेकदा 1 ते 3 महिन्यांत दिसते, तेही जुळत होतं. ‘ग्राउंड ग्लास’ हे नुसतं दिसण्याचं वर्णन आहे, आजाराचं नाव नाही, हे मला तेव्हा कळलं. केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंच्या रिपोर्टातही हाच शब्द होता. त्यांना तो इम्युनोथेरपीमुळे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधामुळे, आला होता. औषध थांबवून स्टिरॉइड द्यावं लागलं.

डावीकडची गाठ जुन्या स्कॅनमध्येही निघाली, एकाच चित्रात, पुसट. तेव्हा स्कॅनचे काप 5 मिलिमीटर जाडीचे होते, त्यात एवढीशी गाठ पुसटच दिसते; आता 1 मिलिमीटरचे. “नवी नाही. पण पुढच्या वेळी परत मोजायची.” उगाच ‘काही नाही हो’ म्हणाले नाहीत, बरं वाटलं.

राग एकाच गोष्टीचा आला. खोकला आहे का, ताप आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. फोन ठेवताना मीच कोरड्या खोकल्याचं बोलले, तेव्हा म्हणाले, “चार दिवस थांबू नका, आजच तुमच्या डॉक्टरांना कळवा.” कळवलं. तिथे मला कॉरिडॉरमध्ये चालवून बोटावर ऑक्सिजन बघितला. उतरला नाही, म्हणून स्टिरॉइड न देता 6 आठवड्यांनी पुन्हा सीटी ठरला.

लेखी अहवाल तीन दिवसांनी आला, पुन्हा त्याच अगम्य भाषेत. सरळ कडेचं त्यात अवाक्षर नाही. ते माझ्याकडे पाकिटाच्या पाठीवर लिहिलेलं आहे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा अपलोडने खाल्ला, एक खोकल्याने.